जुनी टर्बो, एक इंटरकूलर आणि जर्मन कागद

टर्बोनं दाबून तापलेली हवा इंजिनात जायच्या आधी गार करणारा इंटरकूलर बसवायला एक दुपार पुरली आणि तो गाडीच्या कागदांवर चढवायला अख्खा उन्हाळा गेला. जर्मनीत येऊन बरीच वर्षं झाली, कचऱ्याचे चार डबे काय, रविवारी ड्रिल मशीन लावायचं नाही ते काय, सगळं अंगवळणी पडलंय, पण या इंटरकूलरनं डोकं फिरवलं म्हणून लिहायला बसलो.

गाडी सांगितली की आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या पोरांना लगेच कळेल. पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस. आपल्याकडे आली ती 150 हॉर्सपॉवरची, इथली 180 ची, दोन्हीत वीस व्हॉल्व्हवालं 1.8 टर्बोच. कॉलेज रोडवरनं ती गेली की आम्ही वळून बघत उभे राहायचो. आता मावशी दर फोनला विचारते, जर्मनीला जाऊन वीस वर्षं जुनी गाडी कशाला घेतलास रे? घेतली कारण परवडली, आणि या इंजिनात अजून आपल्याला हात घालता येतो. शिवाय हौस आहे, त्यात लपवायचं काय.

जुन्या टर्बोवर पहिला खर्च रीमॅपचा, म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलण्याचा, करायचा नाही हे माझं ठाम मत आहे. आधी स्मोक टेस्ट करा. इनटेकमध्ये धूर सोडायचा आणि तो कुठनं बाहेर येतोय ते बघायचं. माझ्या गाडीत मॅनिफोल्डच्या खाली, जिथं हातही धड शिरत नाही, तिथल्या बोटाएवढ्या रबरी पाईपच्या वाकणातनं धुराची बारीक रेघ निघाली. पाईप काढून दाबला तर तेल पिऊन मऊ पडलेला, आणि वाकणावर उभी चीर. जास्तीची दाबलेली हवा परत वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदाही फाटला होता, म्हणजे टर्बो हवा दाबतोय आणि ती मागच्या मागं पळतीय. या दोन्ही गोष्टी बदलल्यावर गाडी जी ओढायला लागली, त्यात नवीन पॉवर काहीच नव्हती, कंपनीनं दिलेलीच परत मिळाली होती.

मग रीमॅपची पहिल्या पायरीची, स्टेज 1 ची फाईल, पॉवर 200 च्या थोडी वर. यापुढं मला जायचं नाही. या इंजिनात मोठा टर्बो लावून टॉर्क वाढवत नेला की मूळचे कनेक्टिंग रॉड वाकतात. इंटरकूलर मात्र हवाच होता, कारण कंपनीचा अगदी छोटा, बंपरच्या कोपऱ्यात चाकापुढं कोंबलेला. उन्हात दोनदा जोरात ओढली की आत जाणारी हवा तापते, इंजिनातलं अवेळी पेटणं ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागं घ्यायला लावतो आणि पैसे देऊन वाढवलेली पॉवर गायब.

आणि इथनं सुरू झाली ती कागदांची कटकट. इथं नियम असा की पार्टसोबत त्याच गाडीसाठीचं तपासणीपत्र पाहिजे, ते असलं तरी बहुतेक बदल तज्ज्ञाकडनं तपासून गाडीच्या कागदांत नोंदवायचे, आणि पत्रच नसेल तर एकट्या तुमच्या गाडीची वेगळी तपासणी. फाईलचं पत्र होतं. इंटरकूलरचं नव्हतं. दुकानात तो राजरोस विकायला आहे, विकत घेताना कोणी काही विचारत नाही, रस्त्यावर आणला की मात्र गाडीची परवानगीच धोक्यात. नोंद नसताना अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि नंतर तुमच्याकडनं 5000 युरोपर्यंत वसूल करू शकते. एका तपासणी केंद्रानं फोनवरच नाही म्हटलं, दुसऱ्यानं ईमेलला उत्तर दिलं नाही, तिसऱ्यानं असा काही आकडा सांगितला की इंटरकूलर स्वस्त वाटला. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांतल्या मित्राला हे सांगितलं तर म्हणतोय, "मर्दा, ॲल्युमिनियमचा डबा तो, त्याला कागद कशाला लागतंय? इकडं घेऊन ये, संध्याकाळपर्यंत ब्रॅकेट मारून बसवून देतो." आणि तो खरंच देईल. त्याच्या लेथवर रोज जे टर्निंगचं काम निघतं ते इथल्या कुठल्याही वर्कशॉपात चालेल, हे मी दोन्हीकडची कामं बघून सांगतोय.

शेवटी एक म्हातारा तपासनीस भेटला. त्यानं गाडी वर घेतली, टॉर्च घेऊन आधी बंपरमागचा आडवा बीम बघितला, कारण पुढं मोठा इंटरकूलर बसवताना बरेच जण तोच कापतात आणि टक्कर झाली की मार थेट आत येतो. मी कापला नव्हता. मग प्रत्येक क्लॅम्प अंगठ्यानं ढकलून बघितला, पाईप बेल्टला घासतोय का ते बघितलं, रेडिएटरला हवा मिळतीय का ते विचारलं, आणि माझ्या ब्रॅकेटवर बोट ठेवून म्हणाला, काम चांगलं आहे. सही, शिक्का, नोंद. त्या एका वाक्यानं उन्हाळाभराचा राग निम्मा उतरला.

आपल्याकडे कायदा नाही असं इथल्या लोकांना वाटतं आणि मला ते ऐकून राग येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही. पण सीएनजी किटसारख्या मंजूर गोष्टी सोडल्या तर हौशी माणसाला आपलं काम दाखवून होकार मिळवायची वाट कुठाय? म्हणून कर्कश सायलेन्सरवालं पोरगं आणि नीट बसवलेला इंटरकूलर, दोघं एकाच ओळीत उभे. जर्मन नियमानं मला छळलं, पण शेवटी कोणीतरी खाली वाकून बघितलं. उद्यमबागेतल्या माणसाचं काम असं कोणी वाकून बघितलं तर शंभरातली नव्वद कामं पास होतील, लिहून ठेवा.

शहापूरच्या आतेभावाकडे तिकडची आरएस आहे आणि त्याला माझीच फाईल पाहिजे. नको. ही 98 ऑक्टेनवर बेतलेली आहे, तिकडच्या साध्या पेट्रोलवर नॉक सेन्सर दिवसभर टायमिंग मागं खेचत बसेल. त्यात बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, हवा समुद्रकाठापेक्षा आठेक टक्क्यांनी विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची तेवढी ताकद जाते, टर्बो ती जास्त फिरून भरून काढतो, म्हणजे तिथं त्याच्यावर आधीच जास्त ताण आहे. वर पेट्रोलात इथेनॉल वाढलंय, तेव्हा भावा, जुने पेट्रोल पाईप आधी बदल. आणि चोर्ला घाट चढून चहाला थांबलास की गाडी लगेच बंद करू नकोस, मिनिटभर चालू ठेव, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथंच जळून बसतं. व्हॅक्यूम पाईपांचा पूर्ण सेट मी डिसेंबरात येताना घेऊन येतो, तोवर स्मोक टेस्ट तेवढी करून घे.