जोदोचा माझा अनुभव : काठी सुटी धरायला शिकताना

जोदोत, म्हणजे काठीच्या जपानी युद्धकलेत, पहिला प्रश्न पडतो तो हा, की काठी धरायची कुठे? ‘जो’ म्हणजे पांढऱ्या ओकची गोल काठी. लांबी १२८ सेंमी, जाडी २४ मिमी. मूठ नाही, दोन्ही टोकं सारखी. सगळी कला हात तिच्यावरून सरकवण्यात आहे. म्हणून तिला वार्निश नको, घामाने तळवा चिकटतो. हलकं तेल पुसून घ्यावं आणि सरावाआधी सुती फडकं फिरवावं. धागा अडकला की तिथे लाकडाचं कुसळ निघालं आहे असं समजायचं आणि बारीक पॉलिशपेपरने ते घासून काढायचं.

अखिल जपान केंदो महासंघाने १९६८ साली ठरवलेल्या क्रमात १२ मूलभूत तंत्रं आणि १२ काता, म्हणजे जोडीने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिका, आहेत. त्याचा आधार फुकुओकाची जुनी शिंतो मुसो-र्यू परंपरा. कातामध्ये समोरचा ‘उचिदाची’ बोकुतो म्हणजे लाकडी तलवार घेऊन चालून येतो, काठीवाला ‘शिजो’ उत्तर देतो. उचिदाची नेहमी जास्त अनुभवी असावा, कारण अंतर आणि वेळ तोच सांभाळतो.

शिकायला सगळ्यात जास्त दिवस खातं ते हिकिओतोशी-उची, म्हणजे तलवार खाली झटकणारा मार. डावा पाय पुढे, अंग एका बाजूला वळलेलं, डावा हात छातीशी काठीच्या टोकाजवळ, उजवा खाली मांडीशी, आणि काठी मागे झुकलेली. तिथून काठी डोक्यावरून आणत उजवा पाय टाकायचा आणि समोरची तलवार खाली झटकून द्यायची. उजव्या हाताने जोर लावला की काठी तलवारीवर नुसती आपटते, उसळते आणि मनगटात झिणझिण्या येतात. खांदा सैल ठेवून कंबर वळली, तर ती पात्याच्या बाजूवर पडून घसरत जाते, आणि तलवार अक्षरशः वाटेतून नाहीशी होते. पाऊल आणि काठी एकाच क्षणी पडायला हवीत. पाऊल आधी पडलं तर मारात फक्त हातच उरतात.

मारताना ‘एई’, भोसकताना ‘हो’ ही आरोळी पोटातून यावी. नुसत्या घशातून काढली की खांदे वर चढतात.

प्रत्येक तंत्र उजवीकडून आणि डावीकडून सारखंच करायचं असतं. मला यातला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो: दुबळा हात कामाला लागतो, खांदे मोकळे होतात, पाठ सरळ राहते. वजन उतरवण्यासाठी मात्र जोदो निवडू नये, सराव बराचसा संथ असतो.

तळव्याला फोड आला तर पकड घट्ट आहे, हात सरकण्याऐवजी घासला जातोय. त्या दिवशी जोडीदार नको, आरशासमोर एकट्याने हळू करावं.