तुम्ही विचारलंत म्हणून : बाहेरून एमबीबीएस केल्यावर इथे नोंदणी मिळते का?

नीटचा निकाल लागला की सोलापुरातल्या ओळखीच्या आणि पुष्कळदा अनोळखी घरांतूनही मला एकच प्रश्न विचारला जातो : ‘डॉक्टर, मुलीला बाहेर एमबीबीएसला पाठवतोय. कॉलेज एनएमसीमान्य आहे म्हणतात. परत आल्यावर तिला इथं प्रॅक्टिस करता येईल ना?’ वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि परदेशी पदवी घेऊन आलेल्या मुलामुलींना वॉर्डात काम करताना मी जवळून पाहिले आहे, म्हणून लोक मला विचारतात. या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत दिलेले उत्तर ‘डॉक्टर हो म्हणाले’ असे होऊन घरी पोचते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

‘एनएमसीमान्य परदेशी कॉलेज’ अशी गोष्टच नाही, हे सर्वात आधी लक्षात घ्यावे. एनएमसी म्हणजेच राष्ट्रीय वैद्यक आयोग परदेशातल्या कोणत्याही महाविद्यालयाला मान्यता देत नाही आणि मान्यताप्राप्त महाविद्यालयांची यादीही ठेवत नाही. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांच्या सेमिनारमध्ये पडद्यावर दाखवली जाणारी जागतिक निर्देशिका म्हणजे महाविद्यालयांची नोंदवही असते, आणि त्या नोंदीचा अर्थ मान्यता असा घेऊ नये हे निर्देशिका स्वतःच सांगते. आयोग तपासतो तो समोर आलेला उमेदवार : त्याने कोणत्या तारखेला प्रवेश घेतला, किती महिने शिक्षण घेतले, ते कोठे आणि कोणत्या भाषेत घेतले, आणि त्या पदवीवर त्याला त्या देशात काय करता येते. त्यामुळे एकाच महाविद्यालयातून आलेल्या दोघांपैकी एकाची नोंदणी होते आणि दुसऱ्याची अडते, असेही घडू शकते.

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमावलीने हे निकष लेखी केले, आणि त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांना ते लागू आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे, त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप झालेली हवी, आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिने देखरेखीखालील इंटर्नशिप करावी लागते. तिकडची इंटर्नशिप झाली की इकडची माफ होते, हा समज सोलापुरात फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. जाण्यापूर्वी नीट पात्र असणे २०१८ पासून बंधनकारक आहे, म्हणून ‘नीटशिवाय प्रवेश’ असे कोणी सांगितले तर तिथूनच उठावे.

या नियमावलीतल्या दोन अटींबद्दल पालक जवळजवळ कधीच विचारत नाहीत, आणि मुले नेमकी तिथे अडकतात.

पहिली अट अशी की मिळालेल्या पदवीवर त्या देशाच्या नागरिकाला वैद्यकीय व्यवसायाचा जसा परवाना मिळतो, तसाच परवाना मिळण्यास आपला विद्यार्थी पात्र असला पाहिजे. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम चालवला जातो, वर्ग वेगळे असतात, आणि त्या पदवीवर त्या देशात व्यवसाय करण्याची मुभा नसते किंवा स्थानिक परवाना परीक्षेला बसता येत नाही. जी पदवी देणाऱ्या देशातच रुग्ण तपासण्याचा अधिकार देत नाही, तिच्यावर आपल्याकडे तो द्यावा अशी अपेक्षा करता येणार नाही. नियम कडक वाटला तरी त्यामागचा विचार मला योग्य वाटतो.

दुसरी अट म्हणजे संपूर्ण शिक्षण, क्लिनिकल (म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष) प्रशिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत, पदवी देणाऱ्या देशातच व्हायला हवी. कॅरिबियन बेटांवरच्या ज्या संस्थांना ऑफशोअर मेडिकल स्कूल म्हणतात, त्यांची रचनाच मुळी वेगळी आहे. पहिली दोन वर्षे बेटावर पुस्तकी विषय शिकवायचे आणि नंतर विद्यार्थ्यांना क्लिनिकल प्रशिक्षणासाठी मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णालयांत पाठवायचे, अशी ती पद्धत आहे. अमेरिकेत जाऊन तिथल्या परीक्षा देऊन तिथेच राहू इच्छिणाऱ्यांसाठी ती उभी राहिली, आणि त्या वाटेवरून गेलेले पुष्कळजण तिथे डॉक्टर म्हणून काम करतही आहेत. पण सोलापूरला किंवा पंढरपूरला परत येऊन दवाखाना थाटायचा असेल, तर दोन देशांत विभागलेले हे प्रशिक्षण २०२१ च्या नियमावलीत बसत नाही. फिलिपिन्सचा पेच निराळा होता. तिथे आधी बीएस (विज्ञानाची पदवी) आणि मग एमडी (तिथली मूळ वैद्यकीय पदवी) अशी रचना असून एमडीचा काळ ४ वर्षांचा, म्हणजे ४८ महिन्यांचा, आणि आयोग बीएसची वर्षे धरत नाही. प्रवेशाच्या वेळी ‘एकूण साडेपाच वर्षे’ असे सांगितलेले पालकांनी ऐकले होते. त्यातली मोजली जाणारी वर्षे किती, हे कोणी विचारले नव्हते.

या अटी पूर्ण झाल्या तरी पुढे परदेशी पदवीधरांसाठीची एफएमजीई ही परीक्षा उभी राहते, जिला आपण स्क्रीनिंग म्हणतो. २००२ पासून ती घेतली जाते, वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्नांपैकी १५० बरोबर यावे लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. ऐकायला हे सोपे वाटते, पण गेल्या काही वर्षांतील बहुतेक सत्रांत चार-पाच परीक्षार्थींमागे एकच जण उत्तीर्ण झालेला दिसतो. हा आकडा सांगून मला कोणाला घाबरवायचे नाही, कारण त्यात पुन्हा पुन्हा बसणारेही मोजले जातात आणि नियमित अभ्यास केलेली मुले पहिल्या प्रयत्नात निघतात हे मी पाहिले आहे. तरी त्यामागची कारणे पालकांनी समजून घ्यावीत. वर्गात शिकवणे इंग्रजीत असते, पण खाटेवरचा रुग्ण रशियन, जॉर्जियन किंवा चिनी बोलतो, आणि ती भाषा नीट न आल्यास विद्यार्थी वॉर्डात प्राध्यापकांच्या मागे नुसता उभा राहतो. रुग्णाला बोलते करून आजाराचा माग काढणे हे आमच्या शास्त्राचे मूळ आहे, आणि ते पुस्तकातून येत नाही. शिवाय परीक्षा भारतातल्या आजारांवर असते. क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, लसीकरणाचे वेळापत्रक, काळा आजार, डेंग्यू, सर्पदंश हे सारे थंड प्रदेशातल्या रुग्णालयात सहा वर्षे काढलेल्या मुलाने पाहिलेलेच नसते.

या परीक्षेत अडकलेल्या मुलांची स्थिती मला अस्वस्थ करते. घरावर कर्ज असते, नातेवाइकांत ‘डॉक्टर आले’ असे झालेले असते, आणि मुलगा हैदराबाद किंवा पुण्याच्या क्लासला बसलेला असतो. काहीजण एखाद्या खाजगी रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून रात्रपाळी करतात. नोंदणी नसताना रुग्णांवर उपचार करणे हा राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ नुसार गुन्हा असून त्यासाठी १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्या वयातल्या मुलाला ही जोखीम पत्करायला लावणारे रुग्णालय माझ्या मते मुलापेक्षा अधिक दोषी आहे.

स्क्रीनिंग पास झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडून तात्पुरती नोंदणी आणि मग इंटर्नशिपची जागा मिळवावी लागते. इथेही परदेशी पदवीधरांसाठीच्या जागा मर्यादित असल्याने थांबावे लागू शकते. करोनाच्या काळात किंवा २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर ज्यांचे काही शिक्षण ऑनलाइन झाले, त्यांना ते प्रत्यक्ष हजेरीने भरून काढल्याचे पुरावे द्यावे लागले. पासपोर्टवरील शिक्के आणि हजेरीच्या तारखा जुळल्या नाहीत, की नोंदणी लांबते.

आपल्या गावात या चर्चेत कोणीतरी डॉ. कोटणीसांचे नाव काढतेच. सोलापूरचा मुलगा चीनला गेला आणि अमर झाला, मग आमच्याने का जाऊ नये, असा तो युक्तिवाद असतो. कोटणीसांबद्दल मला अपार आदर आहे. पण ते १९३८ मध्ये चीनला निघाले तेव्हा मुंबईत वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर होते. ते तिकडे सेवेला गेले होते, आणि मुलांना तिकडे शिकायला पाठवण्याशी त्या उदाहरणाचा संबंध नाही.

मग पाठवावे की नाही? डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालयाच्या जागा मोजक्या, खाजगी महाविद्यालयांचे शुल्क बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, आणि मुलीला डॉक्टरच व्हायचे आहे, अशा घराला मी सरसकट नाही म्हणत नाही. मी त्यांना सांगतो की एजंटाला मान्यतेबद्दल विचारूच नका. त्या देशाच्या परवाना देणाऱ्या संस्थेचा नियम मागा, आणि तुमच्या मुलीला त्या पदवीवर तिथे परवाना मिळू शकतो हे त्यात कोठे लिहिले आहे ते दाखवायला सांगा. अभ्यासक्रमाचे महिने वर्षनिहाय मांडून घ्या. एफएमजीई घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने संस्थानिहाय निकाल प्रसिद्ध केले आहेत. त्यात त्या महाविद्यालयाचे किती विद्यार्थी बसले आणि किती उत्तीर्ण झाले ते पाहा, आणि तिथे सध्या चौथ्या-पाचव्या वर्षाला असलेल्या एखाद्या मराठी मुलाशी एजंटाच्या गैरहजेरीत बोला.

ज्यांची मुले आधीच तिकडे आहेत, त्यांनी पहिल्या वर्षापासूनच स्थानिक भाषा मनापासून शिकायला लावावी, सुटीत घरी आल्यावर समाजवैद्यकाचे भारतीय पुस्तक हाती द्यावे, आणि प्रवेशपत्रापासून इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रापर्यंतचे कागद तारखेनुसार लावून ठेवावेत. मुलगा तिसऱ्या वर्षात असताना महाविद्यालय बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी ‘एकाच संस्थेत’ ही अट काढून वाचावी आणि मगच निर्णय घ्यावा.