मलगायच्या कुंपणाबाहेर

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या उत्तरेला एक छोटं गाव आहे. इंग्रजी स्पेलिंग वाचलं तर 'मिलनगॅव्ही' होतं, पण इथली माणसं त्याला 'मलगाय' म्हणतात. पहिल्यांदा स्टेशनवर ऐकलं तेव्हा मी एकटीच हसत उभी होते. रेंजर्स या फुटबॉल क्लबचं ट्रेनिंग सेंटर या मलगायला आहे. मणिपूरची फुटबॉलपटू बाला देवी २०२० मध्ये तिथे सराव करत होती, आणि मी तिथून ट्रेनने अर्ध्या तासावर राहत होते. तरीही तिला मैदानात खेळताना मी एकदाही पाहिलं नाही.

मी कोल्हापूरची, हे आधी सांगायला हवं. बाबांचं बोट धरून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसत मोठी झाले. आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा कारभार. त्यामुळे इथे आल्यावर सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन क्लबांच्या वैराचं प्रकरण मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. कुठल्या भागात कुठल्या रंगाचा मफलर घालायचा नाही, हे पहिल्या आठवड्यात कळलं. फक्त शाहू स्टेडियमवर मी बघायला जायचे. मुलीने बूट घालून आत उतरायचं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्याही नाही.

२९ जानेवारी २०२० ला रेंजर्सने बालाशी अठरा महिन्यांचा करार केल्याची बातमी आली, तशी मी लगेच घरी फोन केला. बाबांचा पहिला प्रश्न, कोल्हापूरच्या दोन संघांची नावं घेत, "रेंजर्स म्हणजे आपलं पाटाकडील का शिवाजी?"

युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. यातला 'व्यावसायिक' हा शब्द महत्त्वाचा. गोलकीपर अदिती चौहान तिच्या आधी, २०१५ मध्ये, वेस्ट हॅम या इंग्लिश क्लबकडून खेळली होती, पण तिथल्या लफबरो विद्यापीठात शिकता शिकता. बाला आली ती पगारावर, दहा नंबरच्या जर्सीत. बेंगळुरू एफसीचं रेंजर्सशी नातं जुळलं होतं, त्यातून नोव्हेंबरात चाचणी झाली आणि मग हा करार. त्याआधी ती मणिपूर पोलिसांत होती, आणि पोलिसांच्या संघाकडून २०१८-१९ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये तिने २६ गोल मारले होते. एवढं सगळं करून परदेशाचं दार उघडलं तेव्हा चार दिवसांनी तिला तीस वर्षं पूर्ण होणार होती. पुढे खेळणाऱ्याचं हे परतीच्या गोष्टी करण्याचं वय.

मी मनात ठरवलं होतं, मार्चअखेर थंडी जरा उतरली की मॅचला जायचं. मार्चच्या मध्यावर कोविडमुळे फुटबॉल थांबलं, २३ तारखेला सगळा देश. तो हंगामच रद्द झाला. लीग पुन्हा सुरू झाली ती १८ ऑक्टोबरला, पण प्रेक्षकांशिवाय. जानेवारीत परत बंद, एप्रिलमध्ये परत चालू. हिशेब मांडला तर अठरा महिन्यांपैकी जवळपास दहा महिने लीगच नव्हती. कोऱ्या कॅलेंडरकडे बघत ती काय करत असेल, याचा विचार मी स्वतःच्या खिडकीत बसून बऱ्याचदा केला.

ऑक्टोबरात एकदा चालायच्या निमित्ताने मलगायला गेले. वेस्ट हायलँड वे ही नावाजलेली पायवाट तिथूनच सुरू होते, म्हणजे निमित्त तसं खोटं नव्हतं. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. अशा हवेला इथे 'ड्रीख' म्हणतात. मी पायवाट सोडून ट्रेनिंग सेंटरच्या रस्त्याला लागले. कुंपणापलीकडून शिट्टी ऐकू आली, मग ओल्या चेंडूवर पाय बसल्याचा तो जड 'थड्', आणि बायकांचा आरडाओरडा. दिसलं काहीच नाही. त्या आवाजांत ती होती की नव्हती, देव जाणे. दहा मिनिटं चोरासारखी उभी राहिले आणि चष्मा पुसत परत आले.

माझ्या ऑफिसातल्या एका साठीच्या बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमची रोझ उलट्या दिशेने गेली." रोझ रायली, इथल्याच स्टूअर्टन गावची फुटबॉलपटू. लहानपणी केस कापून मुलगा म्हणून खेळायची. सेल्टिकच्या माणसाला ती इतकी आवडली की घ्यायला निघाला, आणि मुलगी आहे म्हटल्यावर गप्प झाला. १९७१ मध्ये युरोपातल्या फुटबॉल संघटनांनी महिलांच्या खेळाला मान्यता द्यायचं ठरवलं, तेव्हा एकट्या स्कॉटलंडने विरोधात मत दिलं होतं! रोझ फ्रान्सला गेली, मग इटलीत. एका हंगामात तर इटलीतल्या लेच्चे आणि फ्रान्समधल्या रॅंस, दोन्हीकडून खेळून दोन्हीकडे लीग जिंकली. आणि त्याच स्कॉटलंडमध्ये आता मणिपूरची पोरगी नोकरीला आली होती.

६ डिसेंबर, रविवार. मदरवेलविरुद्ध मॅच. मी गॅसवर पोहे टाकून फोनवर स्कोअर बघत होते. बाला शेवटच्या टप्प्यात बदली म्हणून उतरली. पंच्याऐंशीव्या मिनिटाला तिचं नाव आलं. रेंजर्स ९-० जिंकलं, म्हणजे मॅचच्या दृष्टीने त्या गोलाची काही गरज नव्हती. पोहे करपले, तसेच खाल्ले.

गोलची बातमी आपल्याकडे सगळ्यांनी छापली. पुढच्या वर्षी गुडघ्याने दगा दिला, तेव्हा मात्र कुणी फारसं विचारलं नाही. 'पहिली भारतीय' एवढा मथळा मिळाला की आपली उत्सुकता संपते, अशी माझी जुनी तक्रार आहे. रेंजर्सच्या बायकांनी २०२१-२२ मध्ये ग्लासगो सिटी या क्लबची सलग चौदा विजेतेपदांची मालिका मोडली, तेव्हा ती मैदानात नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये आशिया कप आपल्या नवी मुंबईत झाला, तिथेही दुखापतीमुळे संघात नव्हती. त्या संघाचं तरी काय झालं? इराणशी ०-० आणि मग इतक्या जणी कोविडने आजारी, की पुढची मॅच खेळायला अकरा उभ्या करता येईनात. आत्या नेरुळला राहते, तिकिटं काढून बसली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. पुढे ग्रीस, मग पेरू. तिचं वय तेव्हा विशीचं, आणि तिच्या वाटेत टाळेबंदी नव्हती.

बालाला मी मनातून निवृत्त करून टाकलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूला सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध तिने पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल मारला, चौतिसाव्या वर्षी. मला ते बाबांकडून कळलं. सकाळी उठून फोन बघितला तर त्यांचा व्हॉइस मेसेज, मागे चहाच्या टपरीचा गलका, आणि एवढंच वाक्य: "तुझी मलगायवाली अजून गोल मारत्या बघ."