ओरखड्यांची साक्ष

अपघातानंतर तीन आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र आले. मी पुढच्या गाडीला मागून धडक दिल्यामुळे संपूर्ण दोष माझाच आहे, असे त्यात एका वाक्यात लिहिले होते. मागून धडकणाऱ्याने पुरेसे अंतर राखले नव्हते, हे गृहीतक बहुतेक वेळा बरोबरच असते. परंतु ती गाडी माझ्या पुढे नव्हतीच, शेजारच्या लेनमध्ये जवळजवळ थांबलेल्या रांगेतून ती अचानक माझ्यासमोर वळली होती.

मी प्रथम निर्णयाची लेखी कारणे आणि त्यासाठी विचारात घेतलेली कागदपत्रे मागितली. तेव्हा कळले की सारा निर्णय दुसऱ्या चालकाच्या जबाबावर आणि दाव्याच्या अर्जातील ‘पुढच्या गाडीवर आदळलो’ या माझ्याच शब्दांवर उभा होता. भेदरलेल्या मनःस्थितीत लिहिलेले ते तीन शब्द मला फार महाग पडले.

खरी साक्ष गाड्यांच्या पत्र्यावर होती. एकाच लेनमध्ये सरळ मागून धडक बसली, तर पुढच्या गाडीचा मागचा बंपर आत दबतो. येथे तो शाबूत होता. माझ्या बंपरचा एक कोपरा फुटला होता आणि त्या गाडीच्या मागच्या दारापासून चाकावरच्या पत्र्यापर्यंत ओरखडे गेले होते, म्हणजे धडकेच्या क्षणी ती तिरकी होती. गाड्या बाजूला घेण्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रांतही हेच दिसत होते. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो, म्हणजे ती गाडी अचानक वळल्यावर मला थांबायला वेळच नव्हता, हा हिशेबही मी पुनर्विचाराच्या अर्जात मांडला.

जवळच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण मात्र हातचे गेले. अशी चित्रणे काही दिवसांनी आपोआप पुसली जातात, आणि मी तोवर कंपनीच्या पत्राची वाट पाहत राहिलो होतो. याची मला आजही खंत वाटते.

पुनर्विचाराचा अर्ज फेटाळला गेला असता, तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि त्यानंतर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाण्याची माझी तयारी होती, आणि त्यासाठीच्या मुदतीही मी नोंदवून ठेवल्या होत्या. तशी वेळ आली नाही. कंपनीने दोषाचा मोठा वाटा दुसऱ्या चालकाकडे दिला आणि पाचवा हिस्सा माझ्याकडे ठेवला. तो मी स्वीकारला, कारण थांबलेल्या रांगेशेजारून जाताना मी वेग कमी केला नव्हता.