रात्री पावणेदोनचा फोन

ऑनकॉलची, म्हणजे रात्री सिस्टिम बिघडली तर फोन घ्यायची, पाळी माझी होती. कंपनी पुण्याची, पण 2020 पासून मी रावेर तालुक्यातल्या आमच्या घरूनच काम करतो. रात्री पावणेदोनला फोन वाजला. पेमेंट अडकली होती.

पहिली वीस मिनिटं मी चुकीच्या दिशेने घालवली. डेटाबेसची सगळी कनेक्शनं भरलेली दिसली, म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट केली. दोन मिनिटं चालली, पुन्हा बसली. परत रीस्टार्ट, परत तेच. मग टीममधल्या सीनियर ताई कॉलवर आल्या. "थांब, रीस्टार्ट नको करूस. आधी वरून किती रिक्वेस्ट येतायत ते मोज."

मोजल्या. नेहमीच्या कितीतरी पट होत्या, ग्राहक मात्र तेवढेच. उत्तर आलं नाही की ॲप एकच रिक्वेस्ट तीनदा पाठवून बघत होतं, त्यातली प्रत्येक गेटवे (ॲप आणि आमची सर्व्हिस यांच्यामधला दुवा) तीनदा, आणि तीही प्रत्येक आमची सर्व्हिस डेटाबेसकडे तीनदा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. तिन्ही ठिकाणचा कोड वेगवेगळ्या टीमने, वेगवेगळ्या वर्षी, चांगल्या हेतूनेच लिहिलेला. सुरुवात झाली ती एका रिपोर्टसाठी डेटाबेसमधून माहिती मागवणाऱ्या जड क्वेरीने. ती तर चार मिनिटांत संपलीही होती, तरी गर्दी हटत नव्हती.

हे मी शेतात पाहिलेलं आहे. केळीला पाणी द्यायला रात्रीची थ्री-फेज वीज आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडतो. नवी तार टाकली की पुन्हा उडतो, कारण मोटारी पुन्हा एकदमच उठतात. म्हणून आमचे नाना आणि शेजारचे शेतकरी ऑटो काढून ठेवतात आणि फोनवर सांगतात, "माझी चालू झाली, आता तू लाव."

आम्हीही तेच केलं. बहुतेक रिक्वेस्ट दारातच थांबवल्या, दहा टक्के आत सोडल्या, आलेख स्थिरावला की पंचवीस, मग निम्म्या. सव्वातीनला सगळं सुरळीत झालं. आता रिट्राय, म्हणजे रिक्वेस्ट पुन्हा पाठवून बघणं, एकाच ठिकाणी आहे. आधी एक सेकंद थांबायचं, मग दोन, चार, आठ. आणि दर वेळी त्यात थोडा कमीजास्त फरक, म्हणजे सगळे पुन्हा एकाच क्षणी येत नाहीत.

ती क्वेरी लिहिणारा मुलगा नवा होता. सकाळी त्याचा मेसेज आला, नोकरी जाईल का म्हणून. त्याने ती दोनशे ओळींच्या टेबलावर तपासली होती, खऱ्या टेबलात सव्वा कोटी होत्या. मीही तशीच तपासली असती, कारण टेस्टिंगला मोठा टेबल आमच्याकडे कुणालाच मिळत नव्हता. अहवालात हेच लिहिलं, त्याचं नाव कुठेही घातलं नाही.

गेल्या आठवड्यात तो मोठा टेबल मिळाला. मागणीचा अर्ज त्यानेच लिहिला होता.