ताप उतरल्यानंतरचा चिकनगुनिया

चिकनगुनियाचा ताप बहुधा आठवडाभरात उतरतो आणि तो उतरला की आजूबाजूच्यांच्या लेखी आजार संपलेला असतो. ज्याचे सांधे धरलेले असतात त्याचा हिशेब वेगळा असतो. मला हा आजार होऊन गेल्यानंतर कितीतरी महिने मनगटे, घोटे आणि बोटांची पेरे दुखत राहिली, आणि त्या काळात सर्वांत जास्त वेळा कानांवर आलेले वाक्य म्हणजे ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असताना सांध्याला खरोखरीची सूज असू शकते, हे या आजाराबद्दल सर्वांत आधी समजून घेण्यासारखे आहे.

या दुखण्याचा भर सकाळी असतो. अंथरुणातून उठून टाच जमिनीला टेकवली की कळ पोटरीपर्यंत जाते, टूथपेस्टचे झाकण फिरवताना अंगठ्याच्या बुडाशी चमक निघते, आणि शर्टाचे बटण काजात सरकवण्याइतकी चिमूटही बोटांना धरता येत नाही. हालचाल सुरू झाली की आखडलेपण हळूहळू सैल होते आणि माणूस अकरा वाजता चारचौघांसारखा वावरू लागतो, त्यामुळे सकाळी सात वाजताची त्याची अवस्था कोणाला खरी वाटत नाही. अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक टिकणारा सकाळचा ताठरपणा हे दाहाचे, म्हणजे सांधा आतून सुजल्याचे, लक्षण मानले जाते. झिजेमुळे दुखणारा गुडघा याच्या उलट वागतो. तो सहसा चालून-चढून झाल्यावर अधिक दुखतो. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर ‘खूप दुखते’ एवढेच सांगण्यापेक्षा केव्हा दुखते, सूज कुठे येते आणि मूठ पूर्ण वळायला किती वेळ लागतो, हे सांगितले तर निदानाला जास्त मदत होते.

हा विषाणू १९५२ साली तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, आलेल्या साथीतून प्रथम ओळखला गेला. तो दिवसा चावणाऱ्या एडिस जातीच्या डासांमधून पसरतो. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला त्याची लागण झाली आणि तिथल्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाल्यामुळे दीर्घकाळच्या सांधेदुखीबद्दल बरेच काही कळले. त्याच कुळातले इतर विषाणूही सांधेच धरतात: ऑस्ट्रेलियातला रॉस रिव्हर, दक्षिण अमेरिकेतला मायारो, फिनलंड-स्वीडनमध्ये आढळणारा सिंडबिस. डेंगी वेगळ्या कुळातला आहे. त्यात अंग मोडून येते, पण महिनोनमहिने सांधे सुजून राहणे ही त्याची रीत नाही.

दुखणे तीन महिन्यांच्या पुढे गेले की त्याला जुनाट म्हणतात. असे किती जणांचे होते, याचे आकडे पाहणीगणिक बदलतात. काहींत एक चतुर्थांश, तर काहींत निम्म्याहून अधिक रुग्ण सापडतात. वय चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे असणे, स्त्री असणे, सुरुवातीचे दुखणे फार तीव्र असणे आणि सांध्यांचा विकार आधीपासून असणे, यांमुळे ही शक्यता वाढते. कारणाबद्दल तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. काही रुग्णांच्या सांध्यांच्या अस्तरातील भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींमध्ये संसर्गानंतर वर्ष-दीड वर्षानेही विषाणूचे अंश आढळले आहेत, तर इतर काही रुग्णांच्या सांध्यांतील द्रवात शोधूनही ते मिळालेले नाहीत. विषाणूचे अवशेष रोगप्रतिकारक यंत्रणेला डिवचत राहतात, की एकदा पेटलेला दाह पुढे आपोआप चालू राहतो, हा प्रश्न त्यामुळे खुला आहे.

दुखणाऱ्या प्रत्येकाला संधिवात, म्हणजे सांध्याच्या आतला दाह, झालेला असतो असे मात्र नाही, आणि उपचारांची दिशा या फरकावरच ठरते. काहींचे नुसतेच दुखते, काहींच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) सुजतात, काहींच्या मनगटातली नस दाबली जाऊन रात्री बोटांना मुंग्या येतात, आणि थोड्यांना आमवातासारखा (रुमॅटॉइड आर्थ्रायटिससारखा) दोन्ही हातांच्या लहान सांध्यांचा संधिवात जडतो. रक्तात तपासला जाणारा आमवाताचा घटक (रुमॅटॉइड फॅक्टर) आणि त्याच्याशी संबंधित प्रतिपिंडे (अँटिबॉडी) या रुग्णांत बहुधा सापडत नाहीत, एक्स-रेही बहुतेकांचा स्वच्छ असतो. म्हणून सूज आहे की नाही हे बोटांनी सांधे दाबून पाहणारा डॉक्टर माझ्या मते चार पानांच्या रिपोर्टपेक्षा अधिक उपयोगी असतो.

विषाणूवर नेमके औषध नाही. तापाच्या दिवसांत पॅरासिटामॉल देतात. दाहशामक वेदनानाशके डेंगी नाही याची खात्री झाल्यावरच द्यायची असतात, कारण डेंगीत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सुरुवातीलाच क्लोरोक्विन हे मलेरियाचे औषध देण्याचा प्रयोग रियुनियनमध्ये झाला होता, पण त्याचा लाभ दिसला नाही. जुनाट संधिवात ठरल्यावर संधिवाततज्ज्ञ मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांचा विचार करतात. मेथोट्रेक्सेट या विकारात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते, शिवाय त्यासोबत यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठराविक काळाने कराव्या लागतात. स्टेरॉइडने दोन दिवसांत हायसे वाटते आणि तेच त्याचे फसवेपण आहे: ते बंद करताच दुखणे अनेकदा उसळी मारून परत येते. स्वतःच्या मनाने ते घेणाऱ्यांची संख्या पाहून मला काळजी वाटते.

व्यायामाबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात, पूर्ण विश्रांतीचा आणि दुखणे अंगावर काढून चालत राहण्याचा. मला फिजिओथेरपिस्टने सांगितलेला मधला मार्ग मानवला: सुजलेल्या सांध्यावर भार टाकायचा नाही, पण तो त्याच्या पूर्ण कक्षेत रोज हळूहळू फिरवायचा, आणि कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघड-मीट करायची. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर आदल्या दिवशी अति झाले असे समजून मात्रा कमी करायची.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चांगले गेलेले काही आठवडे आणि मग अचानक सुजलेला घोटा, असा खेळ बराच काळ चालतो आणि प्रत्येक वेळी लोक म्हणतात की चिकनगुनिया पुन्हा झाला. एकदा संसर्ग झालेल्याला दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती मिळते, त्यामुळे ताप नसताना उमळलेले दुखणे हा बहुतेक वेळा जुनाच दाह असतो. अशा वेळी रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे सापडणारच, आणि केवळ त्यांच्या आधारे नवा आजार ठरवता येत नाही. मात्र एकच सांधा लालभडक, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर त्याचे खापर चिकनगुनियावर न फोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर एकेक दिवस महत्त्वाचा असतो.