पऱ्हाटीचं खत करताना

कापसाची शेवटची वेचणी झाली की आमच्या यवतमाळकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून धुऱ्यावर (बांधावर) रचतात. थोडी चुलीला जाते, बाकीची पेटवतात. उभी ठेवून चालत नाही, कारण वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. पण जाळली की कर्ब आणि नत्र दोन्ही धुरात जातं, याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून गेल्या हंगामात तिचं खत करायला घेतलं.

पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. जिवाणूंना हवं असलेलं सेल्युलोज तिच्यात भरपूर, पण ते लिग्निन या लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकात जखडलेलं. शिवाय नत्र अगदी कमी. ढिगात एक भाग नत्राला 25 ते 30 भाग कर्ब असला की कुजणं नीट चालतं. नुसत्या पऱ्हाटीत कर्ब याहून बराच जास्त. म्हणून श्रेडरमधून बारीक तुकडे करून घेतले आणि थरागणिक शेणकाला व थोडं युरियाचं पाणी शिंपडलं. मूठभर माल दाबला की हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये, एवढीच ओल ठेवली. आमच्या उन्हात ती टिकवणं हेच सगळ्यात कष्टाचं काम.

पहिल्याच आठवड्यात ढीग तापला. आत 55 ते 65 अंशांवर उष्णता गेली की बोंडअळी तग धरत नाही. चाळवताना वाफ यायची आणि हातभर खोल तुकड्यांवर राखेसारखी पांढुरकी भुकटी दिसायची. ती अ‍ॅक्टिनोमायसिटीजची, म्हणजे तंतूंसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंची. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वासही त्यांचाच.

मग ढीग निवला. शेजारचे काका म्हणाले, "झालं की आता, टाक वावरात." पण काडी मोडून पाहिली तर आतला गर गेलेला आणि लाकूड तसंच कडक. असं अर्धकच्चं खत टाकलं की ते कुजवायला सूक्ष्मजीव जमिनीतलंच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं.

लाकडाचं खरं काम ढीग निवल्यावरच सुरू होतं. लिग्निन फोडतात त्या मुख्यतः पांढऱ्या कुजव्या बुरश्या. त्यांना फार उष्णता सोसत नाही, आणि त्यांच्या विकरांना (एन्झाइमना) प्राणवायू लागतो. ट्रायकोडर्मा नावाची बुरशीही मी तेव्हाच टाकली. ती सेल्युलोजवर चांगलं काम करते, पण तापत्या ढिगात मरते. पावसाळाभर ढीग झाकून ठेवला, अधूनमधून हलकेच चाळवला. पोळ्याच्या सुमारास तुकड्यांवर पांढऱ्या तंतूंचं जाळं दिसलं. साल दोऱ्यासारखी सुटत होती आणि लाकडात नख रुतत होतं.

हरभऱ्याच्या पेरणीआधी खत चाळलं. मुळांकडचे जाड खुंट तेवढे राहिले. ते सावलीत ओलसर ठेवलेत. यंदाचा ढीग निवला की विरजण म्हणून त्यातच घालणार आहे.